खंड्याची काठी

१

पळसदरीच्या हिरामणला गावात कुणी हिरामण म्हणत नसे. त्याचं नाव पडलं होतं खंड्यावाला. पावसाळा भरात आला की त्याच्या परसात मुंबईपुण्याची माणसं तोफेएवढाल्या लेन्सा घेऊन हिरव्या जाळीमागं दडून बसत आणि समोर ओढ्याच्या कड्यात राहणाऱ्या चिमणीपेक्षाही छोट्या पाखराकडं डोळे लावत. लग्नात नवरीची सुद्धा एवढी वाट कुणी बघत नाही.

पाखरू होतंच तसं. तिबोटी खंड्या. इतर खंड्यांच्या पायाला चार बोटं, याला तीनच. पण देवानं बोटाची कसर रंगात भरून काढलेली. चोच आणि पाय शेंदरी, पोट हळदीचं, डोकं नारिंगी आणि त्यावर जांभळी झाक. पंख इतके गडद निळे की पावसाळी उजेडात काळे वाटावेत. उडाला की पाखरू दिसत नाही, नुसती रंगाची एक रेघ दिसते आणि कानात बारीक शीळ घुसते.

आणि एवढं साजिरं रूप घेऊन हा धंदा करतो खाटकाचा. सापसुरळी धरली की काठीवर बसून तिला डावीकडं हाण, उजवीकडं हाण. टिक्, टिक्, टिक्. शेपूट तुटतं, पाय ढिले पडतात, कणा मोडतो. ओल्या नाडीसारखी लोंबायला लागेपर्यंत गडी थांबत नाही. हाणताना डोळ्यांवर पातळ पडदा ओढून घेतो. त्यालाही बघवत नसावं.

पाहुण्यांना शहारे आले की हिरामणला उकळ्या फुटत.

"आता बघा सायेब, चोचीतल्या सापसुरळीचं तोंड कुनीकडं हाय? आत असलं तर सोता खानार. भायेर असलं तर पिलांना. पिलाच्या घशात डोक्याकडनं गेलं पायजे, नायतर पाय अडकत्यात."

आणि मग त्याचा एकुलता एक नियम, जो तो देवाच्या आरतीसारखा रोज म्हणे: "पाखरू जवळ बसलं की हलायचं नाय. शिंक आली तर गिळा. साप पायावरनं गेला तर जाऊ द्या. हललात की फोटू गेला."

बाकी सगळी करामत काठीत होती. खंड्या बिळात शिरण्याआधी समोर जे उभं सापडेल त्यावर बसतो, शिकार बडवतो, चारी बाजूंना बघतो आणि मगच आत जातो. हिरामण करवंदीची एक वाकडी, देखणी काठी चिखलात उभी रोवायचा. खंड्या बसायला लागला की रोज ती वीतभर सरकवायची. वीतभर सरकलेलं पाखराला कळत नाही. काठी जाईल तिकडं खंड्या जातो. उजेड हवा तर उजेडात, हिरवी पाठ हवी तर झुडपापुढं.

कर्जत ते खोपोली, काठी सरकवावी हिरामणनंच.

२

त्या वर्षी त्याच्या डोक्यात खूळ शिरलं. खंड्या थेट मागच्या पडवीत आणायचा.

"गिऱ्हाईकानं चिखलात कशाला बसायचं? खुर्ची, हातात चा, न समोर खंड्या. हाय का कुनाच्या बापाच्या पडवीत?"

"पडवीत आना, मग चुलीपाशी आना," त्याची बायको माधवी म्हणाली. "मग माझ्या ताटात वाढा सापसुरळी."

पण ती मनातून खूश होती. घर ओढ्याच्या कड्यावरच बांधलेलं. स्वयंपाकघराची मागची भिंत आणि कडा यांच्यात मधे काय ते अंगण. तेवढं पाखरानं ओलांडलं की झालं.

काठी निघाली. आषाढात कड्याच्या काठावर, नागपंचमीला जास्वंदीपाशी. खंड्या तिच्यामागं, दावं लावल्यासारखा.

विपरीत असं पहिल्यांदा घडलं ते जास्वंदीपाशी. खंड्या बेडकाचं पिल्लू बडवत होता. मधेच थांबला. शिकार चोचीत तशीच, आणि त्यानं अंग बारीक केलं, पिसं आवळून, काठीचाच एक तुकडा असल्यासारखं. मग आवाज न करता उडून गेला. शिकार बिळात न देता.

हिरामणनं असं कधी पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, शिक्रा आला असेल. तो आभाळाकडं बघत राहिला आणि खालून, ओढ्यातून आवाज आला.

थाड. थाड. थाड.

डावीकडं एक, उजवीकडं एक.

"चंद्राकाकी कापडं धूतेय वाटतं," तो स्वतःशीच म्हणाला. शेजारची चंद्राबाई गोधड्या ओढ्यावर आपटून धुवायची, आणि तिचा हात असा की गोधडीनं माफी मागावी.

संध्याकाळी चंद्राबाई ओट्यावर भेटली. "काकी, आज गोधड्या काढल्या जनू?"

"येड लागलंय का रं हिरामणा? ह्या पावसात गोधडी धुऊन वाळवू कुटं? तुझ्या डोक्यावर?"

३

दुसऱ्या दिवशी काठी मोडलेली होती.

मनगटाएवढी करवंदीची काठी, मधोमध दोन तुकडे. सालीला चिकटलेले पांढरे केस आणि काहीतरी वाळलेलं तांबडं. हिरामणनं वास घेतला, आणि घेतला नसता तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

आता इथं एखादा शहाणा माणूस काठी मोडली म्हणून थांबला असता. पण काठीवाल्याचं डोकं काठीसारखंच चालतं: बारीक मोडली, तर जाड लावा. हिरामणनं बांबूचा वासा रोवला आणि वीतभर पुढं सरकवला.

त्याच दिवशी चंद्राबाई करडू हरवलं म्हणून अख्ख्या आळीला शिव्या देत फिरली. करडू पांढरं होतं. हिरामणनं मनाला समजावलं. केस कुत्र्याचेही असू शकतात. केस कशाचेही असू शकतात.

"अहो, उंदीर मेलाय कुटंतरी," माधवी म्हणाली. ती चुलीपाशी बसून फरशीचा वास घेत होती. "खालनं येतोय वास. कुजक्या मासळीवानी."

हिरामणनं माळा पाहिला, पिंपामागं पाहिलं. उंदीर नव्हता. फरशीला हात लावला तर ती कोमट लागली. चूल शेजारीच होती, म्हणून त्यानं चुलीला दोष दिला.

पण तो वास त्याच्या ओळखीचा होता. खंड्याच्या बिळाला तोंड लावलं की येतो तोच. पाखरू दिसायला देवघरातलं, पण पिलं आतच हगतात, हाडंकातडी आतच टाकतात. म्हणून तर खंड्या बिळातून निघाला की आधी ओढ्यात बुडी मारून अंग धुतो.

४

बांबू चार दिवस टिकला. मग तोही फुटला, उभा, उसासारखा चिरत गेलेला.

हिरामण ओढ्यात उतरून कड्याखाली गेला. खंड्याचं बीळ जिथल्या तिथं होतं, लिंबाएवढं, तोंडाशी नेहमीच्या दोन बारीक चऱ्या. खंड्या आत सरपटत जातो, त्याच्या दोन पायांनी मातीत त्या पडतात.

त्याच्या बऱ्याच खाली, जिथं करंजाच्या फांद्या पाण्यावर आल्या होत्या, तिथं कडा ढासळला होता. निदान हिरामणनं तसं ठरवलं. फांद्यांमागं काळोख होता आणि काळोखातून दोन चर बाहेर आले होते. प्रत्येकात माणूस आडवा मावेल एवढे रुंद. तळ गुळगुळीत, रोज काहीतरी घासून जात असल्यासारखा.

ओढ्यापलीकडच्या रिसॉर्टवाल्यांनी जेसीबी आणला असणार, तो पुटपुटला. चाकं रुतली असणार.

ओढ्यात जेसीबी उतरायला रस्ता नव्हता. हे त्याला वर येता येता आठवलं आणि त्यानं ते पुन्हा विसरून टाकलं. बिळं कड्यात वरच्या अंगाला चढत जातात, पाणी शिरू नये म्हणून, हेही त्याला ठाऊक होतं. वरच्या अंगाला त्याचं घर होतं. तेही त्यानं विसरून टाकलं. मनुष्य दिवसाउजेडी किती विसरू शकतो, याला काही माप नाही.

घरी येऊन त्यानं ऐनाच्या लाकडाचा खांब काढला. गोठ्याचा जुना, मांडीएवढा, बैलानं अंग घासून चकचकीत केलेला. पहारीनं खड्डा खणून तो पडवीच्या पायरीशी रोवला, दगड ठोकून घट्ट केला.

दुपारी खंड्या आला आणि त्यावर बसला. पडवीतून हात लांबवला असता तर शिवता आलं असतं.

"माधवे! ये गं, बघ! आला!"

माधवी चहा तसाच टाकून आली. दोघं दारात उभी राहिली, श्वास धरून. खंड्यानं सापसुरळी बडवली, टिक्, टिक्, टिक्, आणि तिचं तोंड बाहेर वळवलं. माधवी एवढी हसली की हिरामणला लग्नातली ती आठवली.

५

भुऱ्या त्यांचा कुत्रा. सात वर्षांचा, आळशी, बिबट्याला भुंकून मग खाटेखाली शिरणारा.

तो खांबाच्या पायाशी सापडला. रविवारी, उजाडल्यावर. हिरामणनं उचलायला हात घातला तर उचललाच जाईना. जिकडं धरावं तिकडनं तो सांडत होता. ओलं पोतं उचलावं तसा. अंगावर दाताची खूण नाही, नखाची नाही. फक्त आत एकही हाड जागेवर नव्हतं. जबडा मागं फिरला होता. खांबावर माणसाच्या उंचीपर्यंत रक्ताचे फटकारे होते, एक या अंगाला, एक त्या अंगाला.

"बिबट्या," हिरामण म्हणाला.

"बिबट्या बडवतो?" माधवीनं विचारलं. "बिबट्यानं खाल्लं असतं. ह्याला कुनीतरी हितं हानलंय, अहो. कापड हानतात तसं. आनि आपन आत झोपलोवतो."

"पावसाचा आवाज हुता."

"तो खांब काढा."

"काढतो."

"आत्ता काढा. पहार आनू?"

हिरामणनं पहार घेतलीही. पण तेवढ्यात पुढच्या अंगणात गाडी वाजली. मुंबईचा हर्षद आला होता, दरवर्षी येणारा, आणि गाडीतूनच ओरडत होता, "हिरामणदादा! खरंच पडवीत आलाय? ग्रुपवर कुणी विश्वासच ठेवत नाहीये!"

आता सांगा, त्या हाकेला 'नाही' म्हणणारा खंड्यावाला जगात असेल काय?

"येवडा फोटू हू दे," तो माधवीला हळूच म्हणाला. "मग उपटून ओढ्यात फेकतो. भुऱ्याची शपथ."

त्यानं भुऱ्याला गोणपाटात घातलं आणि खांबावर दोन बादल्या पाणी मारलं.

६

हर्षद गोल चेहऱ्याचा, हसरा, आईनं दिलेले लाडू जाईल त्या घरी वाटणारा माणूस. त्यानं माधवीला डबा दिला, पडवीत जाळीमागं खुर्ची मांडली आणि नियम स्वतःच म्हणून दाखवला.

"पाखरू जवळ बसलं की हलायचं नाय. बरोबर ना, दादा?"

"शिंक आली तर?"

"गिळायची!"

दोघं हसले. वाट बघण्यात दुपार झाली, तेव्हा हिरामण पुन्हा चहा आणायला आत गेला. पावसाची बारीक झिरझिर होती, दुपारचा राखाडी उजेड. आतून त्याला शीळ ऐकू आली, मग टिक्, टिक्, आणि हर्षदच्या कॅमेऱ्याची खटखट.

मग टिक् मधेच थांबलं.

हिरामण खिडकीशी गेला. खंड्या खांबावर अंग बारीक करून बसला होता. आणि मग, आवाज न करता, उडाला.

"हर्षदभाऊ," हिरामणनं हाक मारली. "आत या."

जाळीमागून हर्षदचा हात वर आला. बोट ओठांवर. त्यानं काहीतरी पाहिलं होतं, आणि त्याचा चेहरा देवळात पहिल्यांदा मूर्ती बघणाऱ्या लेकरासारखा झाला होता. तो कुजबुजला, "दादा, रंग बघा. रंग..."

तो हलला नाही. नियमाला जागला.

खिडकीत अंधार आला. अंधार म्हणावं तर त्याला निळी झाक होती, आणि खालच्या कडेला हळद. पडवीची कौलं एकदम उचलली गेली आणि खाली कोसळली. हर्षदचा आवाज एकदाच आला, तोही अर्धा.

थाड.

भांड्यांची फळी पडली.

थाड.

हिरामणनं माधवीला ओढून चुलीमागं दाबलं, तिचे कान धरले, म्हणून त्याचे स्वतःचे उघडे राहिले. प्रत्येक आवाजामागं एक दुसरा, बारका आवाज होता, ओल्या काटक्या मोडल्यासारखा, आणि तो दर वेळी आणखी मऊ होत गेला. भिंतीवर, खिडकीच्या गजांवर तांबडं शिंपलं गेलं. एक बूट खिडकीतून आत येऊन पडला. रिकामा नव्हता.

मग ऐनाचा खांब कडाडून मोडला. आणि शांत.

हिरामणनं मान वर केली. मान वर करायची नव्हती, पण आयुष्यभराची खोड. गजांपलीकडून काहीतरी कड्याकडं चाललं होतं, आणि त्याच्या पुढच्या टोकाला हर्षद होता, नाडीसारखा लोंबणारा. त्याचं तोंड कुणीकडं आहे, एवढंच हिरामणला कळलं.

तोंड बाहेर होतं.

७

"गेलं?" माधवीनं विचारलं.

हिरामणनं फरशीवर कान टेकला. वर्षानुवर्षं तो कड्याला असाच कान लावायचा, पिलं किती मोठी झाली ते कळायला. आई आत शिरली की पिलं घसा घरघरवतात. सगळी एकदम, मग एकाला मिळालं की त्याचं बंद.

फरशी थरथरायला लागली. चुलीवरचं पातेलं सरकत सरकत काठाशी आलं. खालून घरघर आली, खोल, ओली, भुकेली. एकाहून जास्त गळ्यांची.

मग त्यातला एक गळा थांबला. बाकीचे थांबले नाहीत.

माधवीनं तोंडात पदर कोंबला.

"ऐक," हिरामण म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याला स्वतःलाच पाहुण्यांशी बोलल्यासारखा वाटला. "आता ते भायेर येनार. आंग धुनार. बुडी वाजली की पळायचं. पुढच्या दारानं, डांबरीला. टेंपो गावंल तो धरायचा, खोपोलीला तुझ्या भावाकडं."

"आनि नाय वाजली तर?"

वाजली. ओढ्यात घर कोसळावं तसं पाणी उडालं, त्याचे थेंब कौलांवर पडले. दोघं पळाली. दारामागची पावसाळी काठी हिरामणनं सवयीनं उचलली. चिखलात, जनावराच्या भीतीनं, हातात काठी घेतल्याशिवाय तो कधी उंबरा ओलांडत नसे.

८

बांधावर त्याचा पाय मुरगळला. उरलेली वाट त्यानं काठीवर भार देत कापली. डांबरी रस्ता आला. दोन्हीकडं भाताची खाचरं, हिरवीगार, आणि नजर जाईल तिथवर ना झाड ना खांब. दूर वळणावर टेंपोचा आवाज येत होता.

"आला," माधवी म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. "अहो, आला टेंपो!"

हिरामणनं काठी रस्त्याकडेच्या चिखलात उभी रोवली, दोन्ही हात तिच्या टोकावर ठेवले आणि श्वास घ्यायला वाकला.

बारीक शीळ आली.

त्याच्या बोटांवर काहीतरी बसलं. हलकं, गार. तीन बोटं या पायाची, तीन त्या. शेंदरी चोचीत सापसुरळी होती आणि तिचं तोंड बाहेर होतं. काठी जाईल तिकडं जायला त्यानंच शिकवलेलं पाखरू.

माधवीनं काठीला लाथ घातली. काठी आडवी पडली, भातात गेली. खंड्या उडाला, हवेत घोटाळला, खाली काही उभं आहे का बघू लागला.

"बसा!" माधवी किंचाळली. तिनं स्वतःला चिखलात झोकून दिलं होतं, पालथी. "अहो, उभं राहू नका! आडवं व्हा! खाली बसा!"

खंड्या हिरामणच्या खांद्यावर उतरला.

इतक्या जवळून त्यानं तो कधीच पाहिला नव्हता. मानेवरचा पांढरा ठिपका, जांभळी झाक, डोळ्यावर सरकणारा पातळ पडदा. त्याच्या गळ्याच्या हाडावर सापसुरळी वाजायला लागली. टिक्. टिक्. ओठ न हलवता हिरामण एवढंच म्हणाला, जे तो जन्मभर सगळ्यांना सांगत आला होता:

"हलायचं नाय."

"अहो, तुमच्या पाया पडते, बसा!"

टेंपो वळणावर दिसला. हिरामणला तो दिसला, माधवीचा चिखलातला हातही दिसला, त्याच्या धोतराचा सोगा ओढणारा. बसायला हवं हे त्याला कळत होतं. गुडघ्यांना कळत नव्हतं.

टिक् थांबलं. मानेशी त्याला पिसं आवळल्याचं जाणवलं. भाताची पाती मागून पुढं, ओळीओळीनं, वाकत आली.

मग, आवाज न करता, खंड्या उडाला.